नाणं घासण्याआधी दिवा हलवून बघा: घरच्या घरी नाणी आणि पदकांचे फोटो

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत देवघरातल्या डब्यात किंवा कपाटाच्या कप्प्यात चार-दोन जुनी नाणी निघतातच. राणीछाप नाहीतर राजाछाप बंदा रुपया, निजामाचा चारमिनार छापाचा हाली रुपया, तांब्याची शिवराई, एखादा चौकोनी आणा. सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इंग्रजी रुपया आणि हाली रुपया एकाच डब्यात सापडणं इथे नेहमीचंच. सोबत कुणाकडे आजोबांचं 1971 च्या युद्धाचं पदक असतं, कुणाकडे स्वातंत्र्यसैनिकांना 1972 साली मिळालेला ताम्रपट.

यांचे फोटो काढायचे ठरलं की पहिला हात चिंचेकडे जातो. तिथेच थांबा. फोटोत नाणं मळकट दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा दोष मळाचा नसतो, उजेड चुकीच्या बाजूने आलेला असतो. दिवा वीतभर सरकवला की तेच नाणं अक्षर न् अक्षर दाखवतं. घासून गेलेला पृष्ठभाग मात्र परत येत नाही, आणि घासलेलं नाणं जाणकार संग्राहक निम्म्या भावातही घ्यायला नाखूश असतो. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी आहे तसा फोटो, मग अगदी लागलीच तर स्वच्छता, आणि मग खरा वेळ उजेडावर.

हात लावण्याआधी

नाणं जसं निघालं तसं दोन्ही बाजूंनी मोबाइलवर टिपून ठेवा. हा फोटो सुंदर नसला तरी चालेल, तो पुरावा आहे. वजन करा. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन सहज मिळतो. इंग्रजी चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, हाली रुपया साधारण 11.18 ग्रॅमचा. थोडी झीज धरूनही यापेक्षा फार वेगळा आकडा आला, तर नाणं खरं आहे का हे आधी बघा.

नाणं नेहमी कडेला धरा, अंगठा आणि तर्जनीत. सुती हातमोजे घालू नका, त्यातून नाणं निसटतं. साबणाने धुतलेले कोरडे हात किंवा नायट्राइलचे पातळ मोजे चांगले. खाली जाड घडीचा नॅपकिन अंथरा. शहाबादी फरशीवर पडलेल्या चांदीच्या रुपयाच्या कडेला पडलेली खोच कोणताही दिवा लपवत नाही.

काय काढायचं आणि काय ठेवायचं

नाण्यावर दोन प्रकारचे थर असतात. एक वरून बसलेला: धूळ, तेल, कुंकू, चिकटपट्टीचा गोंद, प्लास्टिकचा चिकट अंश. हा काढता येतो. दुसरा धातूचाच झालेला: चांदीवरचा काळसर, निळा-सोनेरी रंग म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग, तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे ऑक्साइड. हा नाण्याचा भाग आहे, त्याच्या वयाची साक्ष आहे. त्याला हात लावायचा नाही.

चिंच, लिंबू, दही हे सगळे आम्ल पदार्थ. ते तांब्याचा तपकिरी थर विरघळवतात आणि खालचं गुलाबी, कच्चं तांबं उघडं पाडतात. असं तांबं काही आठवड्यांत डागाडागांनी काळं पडतं. राख, रांगोळी, टूथपेस्ट आणि भांड्यांची पावडर यांत बारीक कण असतात. त्यांचे ओरखडे डोळ्यांना एरवी दिसत नाहीत, पण तिरप्या उजेडात फोटो काढला की सगळ्या नाण्यावर केसासारख्या रेघा उमटतात. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा प्रयोग व्हिडिओंमध्ये फार चालतो. त्याने काळेपणा जातो हे खरं, पण चांदी निर्जीव, पांढुरकी होते आणि मूळ झळाळी कायमची मरते.

आता जे करता येतं ते.

सुटी धूळ रबरी ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा बारीक तुषार चांदीवर डाग पाडतो. ब्लोअर नसेल तर मेडिकलमध्ये मिळणारा कान धुण्याचा नवा, कोरडा रबरी फुगा त्याच कामाचा आहे.

चिकटलेल्या मातीसाठी नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये 24 तास बुडवून ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला. इथे बोअरचं पाणी अजिबात वापरू नका. आपल्याकडच्या खडकातलं पाणी क्षाराचं असतं. बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो, तोच वाळताना नाण्यावर ठिपक्यांनी बसतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरची बाटली मिळते, फक्त आम्लाची बाटली चुकून उचलली नाही ना हे लेबल वाचून बघा. भिजून सैल झालेली माती बांबूच्या टूथपिकने हलकेच उचला. सुई, पिन, तारेचा ब्रश नको.

लक्ष्मीपूजनाच्या रुपयांवर वर्षानुवर्षांचं कुंकू, हळद आणि तूप साचलेलं असतं. आधी पेलाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब टाकून अर्धा तास भिजवा, स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, मग तेलकट अंशासाठी अ‍ॅसिटोन. रंगाचा थोडा लालसर अंश खोलगट अक्षरांत राहिला तर राहू द्या. घरची पूजा त्या नाण्याच्या इतिहासातच जमा आहे.

अ‍ॅसिटोन धातूशी संयोग पावत नाही, फक्त तेल, गोंद आणि प्लास्टिकचा अंश विरघळवतं, म्हणून ते भरवशाचं. पण ते शुद्ध हवं, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातलं. नेलपॉलिश काढायच्या द्रवात तेल, रंग आणि सुवास मिसळलेला असतो, तो चालत नाही.

1. दोन काचेच्या वाट्या घ्या. प्लास्टिकच्या नकोत, काही प्लास्टिक त्यात विरघळतं. खिडकी उघडी, गॅस आणि देवाचा दिवा बंद.
2. पहिल्या वाटीत नाणं बुडेल इतकं अ‍ॅसिटोन घ्या, पाच मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटं करा. वर झाकण ठेवा, ते फार लवकर उडतं.
3. दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये अर्धा मिनिट खळबळून घ्या. ही पायरी टाळली तर विरघळलेला मळ वाळताना पुन्हा नाण्यावरच बसतो.
4. टिश्यूवर कडेवर उभं करून वाळू द्या. पुसायचं नाही.

जुन्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममधून काढलेल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर दिसतो, तोही याच पद्धतीने जातो. पदकं, मीनाकाम केलेले बिल्ले आणि लाखेचा हात दिलेल्या वस्तू मात्र अ‍ॅसिटोनमध्ये कधीच नाही. पुतळ्यांच्या माळेतल्या, कडी डाक लावून जोडलेल्या नाण्यांत लाख भरलेली नाही ना हे आधी सराफाकडून बघून घ्या.

तांब्याच्या शिवराईवर कठीण चिकट थर असेल तर मेडिकलमधलं नुसतं लिक्विड पॅराफिन वापरा. त्यात आठ-दहा दिवस बुडवून ठेवा, सैल झालेलं टूथपिकने काढा, शेवटी अ‍ॅसिटोन. खोबरेल किंवा गोडं तेल नको. ते जुनं होऊन आंबतं आणि तांब्याला खातं.

तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी फोड दिसली तर तो साधा हिरवा थर नव्हे. क्षारातल्या क्लोराइडमुळे तांबं आतून खाल्लं जात असतं आणि दमट हवेत ते वाढत जातं. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या डबीत ठेवा आणि घरगुती उपायाच्या नादी न लागता जाणकाराला दाखवा. सातवाहनांची शिशाची नाणीही जपून हाताळायची. शिसं मऊ असतं, नखानेही ओरखडतं, आणि त्याची पांढरी भुकटी विषारी असते. मोजे घाला, भुकटी झटकू नका, नंतर हात धुवा. अशी नाणी नीट स्थितीत कशी दिसतात हे पाहायचं असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक चक्कर मारा.

शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाणी निघाली तर ती धुवायचीही नाहीत आणि विकायचीही नाहीत. गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मातीसकट, जशी निघाली तशी दाखवली तर अभ्यासकांना त्या मातीतूनही बरंच कळतं.

मोबाइल बसवणं

महागडा कॅमेरा हवाच असं नाही. हातात धरलेला मोबाइल मात्र चालत नाही. मोबाइलचं तोंड खाली करून, टेबलाशी समांतर, पक्कं बसवायचं. आडव्या दांड्याचा मोबाइल स्टँड असेल तर उत्तम. नसेल तर सारख्या उंचीचे दोन स्टीलचे डबे, त्यांवर काचेची किंवा लाकडाची पट्टी आणि पट्टीच्या कडेबाहेर कॅमेरा येईल असा मोबाइल, इतक्यावर भागतं. डब्यांची चकाकी नाण्यात उमटू नये म्हणून ते काळ्या कापडात गुंडाळा.

समांतर आहे की नाही हे नजरेने ठरवू नका. नाण्याच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवा. स्क्रीनवर कॅमेऱ्याच्या भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की मोबाइल सरळ आहे. बाजूला असेल तर तेवढी दुरुस्ती करा. ही एक मिनिटाची तपासणी चुकली की गोल नाणं लंबगोल दिसतं आणि एक कड पुसट येते.

नाणं आणि मोबाइलमध्ये 20 ते 25 सेंमी अंतर ठेवा आणि 2x झूम वापरा. अगदी जवळ नेलं की मोबाइलचीच सावली पडते, शिवाय बरेच फोन आपोआप मॅक्रोवर (अगदी जवळच्या फोटोच्या मोडवर) जाऊन रुंद भिंग वापरतात आणि नाणं फुगीर दिसतं. हा आपोआप मॅक्रो सेटिंगमधून बंद करा. नाण्याचा मधला भाग दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, उजेड थोडा कमी करा, म्हणजे चांदीचे उंचवटे पांढरे फटक पडणार नाहीत. प्रो मोड असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 50 किंवा 100. शटर दाबताना हलू नये म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा. मॅक्रो लेन्सचा कॅमेरा असेल तर आयएसओ 100 आणि एफ 8 (भिंगाच्या छिद्राचा आकडा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) पासून सुरुवात करा. एफ 11 च्या पुढे बारीक तपशील उलट मऊ पडतो.

पंखा बंद. कूलरही बंद. मे महिन्यात हे जड जातं, पण कूलरच्या थरथरीने स्टँड हलतो आणि त्याच्या ओल्या हवेतली धूळ नाण्यावर बसते. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहा-सातला उरकणं बरं.

नाणं थेट कागदावर ठेवू नका. पेनाच्या टोपणावर किंवा खोडरबराच्या तुकड्यावर दोन-तीन सेंमी उचलून ठेवा. आधार नाण्यापेक्षा लहान हवा, म्हणजे वरून दिसत नाही. सावली खाली दूर पडते, कड सुटी दिसते. पार्श्वभूमीला करडा किंवा काळा कागद. पांढऱ्याचा उजेड उलटून कडेवर येतो.

उजेड

इथे घाई करू नका, सगळं यावर आहे.

धातू उजेड ज्या कोनातून घेतो त्याच कोनात परत फेकतो. नाण्याचा सपाट भाग म्हणजे आरसा, त्यात कॅमेऱ्याला जे दिसतं तेच फोटोत येतं. वर अंधारं छत असेल तर नाणं काळं, वर पांढरं काही असेल तर ते फिकट. अक्षरं आणि चेहरा उठून दिसतो तो उंचवट्यांच्या उतारांवरून परतलेल्या उजेडामुळे. दिव्याची उंची बदलणं म्हणजे कोणता उतार उजळायचा ते ठरवणं.

मान वाकवता येणारे दोन टेबललॅम्प घ्या. दोघांत एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले 7 ते 9 वॉटचे एलईडी बल्ब. खोलीतली ट्यूब बंद, खिडकीला पडदा. दोन रंगांचा उजेड मिसळला की चांदी एका बाजूने पिवळी आणि दुसऱ्या बाजूने निळी येते आणि नंतर कशानेही नीट होत नाही. बल्बच्या पाकिटावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त लिहिलेलं असेल तर तांब्याचे रंग खरे येतात. करड्या कागदाचा एक फोटो त्याच उजेडात काढून व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) त्यावर बसवा आणि पूर्ण बैठकीत तोच ठेवा. ऑटोवर ठेवलं की चांदीवरचा सुंदर सोनेरी रंग मोबाइल स्वतःच्या अकलेने करडा करून टाकतो.

नाणं घड्याळाच्या तबकडीसारखं समजा, वरची बाजू म्हणजे 12. दिवे 10 आणि 2 वर. उजेड नेहमी वरच्या बाजूने हवा, कारण डोळ्यांना तीच सवय. तोच दिवा 6 वर ठेवला की राजाचा चेहरा आत खचल्यासारखा दिसतो.

चकचकीत, न वापरलेल्या नाण्यासाठी दिवा उंच: 15 सेंमी बाजूला आणि 26 सेंमी वर, म्हणजे साधारण 60 अंश. अशा नाण्यावर हलवलं की फिरणारी जी झळाळी असते, ती उघड्या छोट्या दिव्यातच दिसते. दिव्यापुढे कागद लावून उजेड मऊ केला की ती नाहीशी होते. उलट काळवंडलेल्या, असमान रंगाच्या नाण्यासाठी दिव्यापुढे 10 सेंमीवर बटर पेपर लावा, डाग सौम्य होतात आणि रंग उमलतात. बटर पेपर बल्बला टेकवू नका.

झिजलेल्या शिवराईसाठी दुसरा दिवा विझवा आणि एकच दिवा खाली आणा: 25 सेंमी बाजूला, 10 सेंमी वर. उजेड पृष्ठभागावरून घसरत जातो आणि पुसट अक्षरांच्या सावल्या पडतात. पण इथे एक मेख आहे. उजेड ज्या दिशेने येतो त्या दिशेच्या रेघा सावली टाकत नाहीत. दिवा 12 वर असेल तर आडव्या रेघा उठतात आणि उभे काने बुडतात. दिवा 9 वर नेला की ‘राजा’मधले काने उभे राहतात आणि आडव्या रेघा जातात. म्हणून नाणं न हलवता 12, 10 आणि 9 असे तीन फोटो काढा आणि शेजारी ठेवून वाचा. सपाट वाटणाऱ्या नाण्यावर ‘श्री’ दिसायला लागते. हाली नाण्यांवरच्या फारसी मजकुरालाही हीच युक्ती. तिथे हिजरी सालाचे आकडे बारीक असतात, ते सरळ दिसतील असं नाणं फिरवून ठेवा, नाहीतर साल उलटं वाचलं जातं.

आरशासारखी प्रूफ नाणी (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली) आणि गुळगुळीत पदकं या दिव्यांना दाद देत नाहीत, ती काळीच येतात. त्यांना उजेड कॅमेऱ्याच्याच दिशेने द्यावा लागतो. फ्रेमवाल्याकडून 1 ते 2 मिमी जाडीची, 10 सेंमीची चौकोनी काच कापून घ्या. ती नाण्यावर 45 अंशांत तिरकी उभी करा. एकच दिवा काचेच्या उंचीला, बाजूने आडवा. काचेवरून उजेड खाली नाण्यावर पडतो आणि कॅमेरा काचेतूनच बघतो. दिवा आणि नाणं यांच्यामध्ये पुठ्ठा उभा करा, थेट उजेड नाण्यावर जाऊ नये. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळा कागद हवा, नाहीतर तिकडची भिंत काचेत उमटते. जाड काच घेतली की प्रतिमा दुहेरी येते. बराच उजेड काचेतून निघून जातो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं.

पदकं आणि ताम्रपट

पदकाला रिबन असते, आणि तीच सर्वात नाजूक. धुवायची नाही, इस्त्री करायची नाही, ओल्या कापडाने पुसायची नाही. जुने रंग लगेच फुटतात. मऊ कोरड्या ब्रशने धाग्यांच्या दिशेने धूळ काढा, बस. मागची पिन गंजली असेल तर तिच्याखाली कागदाचा तुकडा सरकवून ठेवा, गंज कापडात उतरणार नाही.

पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल अशा पदकांवर कडेला किंवा मागे जवानाचा क्रमांक आणि नाव कोरलेलं असू शकतं. त्याचा वेगळा फोटो घ्या: पदक कडेवर उभं करा, दोन खोडरबरांच्या मध्ये अडकवा, दिवा खालून तिरपा. ऑनलाइन टाकताना सेवा क्रमांक झाका. धातू आणि रिबन एकाच फोटोत नीट यावेत म्हणून उजेड मोठा आणि मऊ लागतो, बटर पेपर मोठा लावा. उठाव जास्त असेल तर फोकस सर्वात उंच भागावर न धरता थोडा खाली धरा.

ताम्रपट मोठा, म्हणून त्याला टेबललॅम्प पुरत नाहीत. उत्तरेकडच्या खिडकीजवळ, पांढऱ्या पडद्यातून येणारा सकाळचा उजेड एका बाजूने घ्या, समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. ताम्रपट घासू नका.

बिघडतं ते असं

फोटोत आडवे पट्टे आले तर स्वस्त एलईडीची लुकलुक आहे. शटर 1/50 किंवा 1/25 वर ठेवा. व्होल्टेज खालीवर होत असेल तर दोन फोटोंचा उजेड जुळत नाही, अशा वेळी दिवे इन्व्हर्टरवर किंवा पॉवर बँकेवरच्या यूएसबी दिव्यांवर चालवा. सगळ्या फोटोवर धुरकट पडदा दिसला तर आधी मोबाइलचं भिंग पुसा, तिथे बोटाचं तेल असतं. अर्धं नाणं उजळ आणि अर्धं काळं आलं तर दिव्यांची अंतरं पट्टीने मोजा. पांढरे ठिपके दिसले तर ती धूळ आहे, ब्लोअर पुन्हा वापरा, एडिटिंगमध्ये पुसत बसू नका.

एडिटिंगमध्ये सरळ करणं, कापणं आणि उजेड किंचित जुळवणं इतकंच. शार्पनेस वाढवला की साधी झीज ओरखड्यासारखी दिसते आणि रंग वाढवला की घेणाऱ्याची फसवणूक होते. दोन्ही बाजू एकाच आकारात शेजारी ठेवा आणि फाइलच्या नावात राजवट, मूल्य, साल आणि वजन लिहा.

काम झाल्यावर नाणं मायलरच्या (पारदर्शक फिल्मच्या) खिडकीच्या पुठ्ठ्याच्या फ्लिपमध्ये किंवा कडक कॅप्सूलमध्ये ठेवा, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नको. शिशाची नाणी लाकडी खणात ठेवू नका, लाकडातून निघणारी आम्ल वाफ त्यांना पांढरं करते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पावसाळ्यात दर आठवड्याला ती बघा आणि निळे दाणे गुलाबी झाले की बदला.